पावणेदोनचा फोन आणि आजोबांचा चष्मा

सांगलीत एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी फिजिओ आहे, आठवड्यातनं दोन रात्री ऑन-कॉल. घरी कुणी आलं की हमखास विचारतात, अगं रात्री कसली फिजिओ, गुडघे काय पहाटे दुखतात होय? गुडघ्यासाठी नाही हो, छातीसाठी बोलावतात.

परवा पावणेदोनला आयसीयूतनं सिस्टरचा फोन. सत्तरीचे आजोबा, आतडं फुटलं म्हणून पोटाचं ऑपरेशन झालेलं, तिसरा दिवस, सहा लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ८५ टक्केच. गेले तर एक्स-रेत उजवी बाजू खालनं पांढरीफटक, म्हणजे कफाचा बोळा अडकून फुप्फुस बसलेलं. आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचा डॉक्टर, म्हणाला तासाभरात फरक नाही पडला तर श्वासनलिकेत ट्यूब टाकतो.

आजोबा खोकायलाच तयार नाहीत. "टाकं तुटतील की गं पोरी." तीन दिवस माणूस खोकला दाबून पडून होता आणि ते श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलवालं यंत्र उशाशी, प्लास्टिकसकट. (हे आमचं कायमचं दुखणं, विकत आणतात, फुंकतात तरी नाहीतर उघडतच नाहीत, फुंकायचं नसतं ओ, ओढायचं असतं!)

आधी सिस्टरला पेनकिलर द्यायला लावलं, तोवर सलाइनचं नेब्युलायझेशन, मग डाव्या कुशीवर वळवून उजवी बाजू वर घेतली आणि हाताची ओंजळ करून थापायला सुरुवात केली तर दारातनं मुलगा ओरडला, "ओ मॅडम, एवढा आजारी माणूस आणि मारताय काय!" त्यालाच आत घेतला. पोटावर उशी धरून घट्ट दाबायचं काम त्याच्याकडं.

आता कफ वर आणायचं हफिंग कसं शिकवायचं? घसा उघडा ठेवून जोरात श्वास सोडा वगैरे सांगून झालं, आजोबा नुसते बघतायत. उशाला त्यांचा चष्मा होता, दोरी बांधलेला. म्हटलं, आजोबा, पुसायच्या आधी काचेवर कशी वाफ धरता? मास्क जरासा उचलला, काच तोंडाशी धरली. "हाऽऽ." काच धुरकट. परत, जोरात. चौथ्या-पाचव्या वेळी आतनं घरघर वर आली, खोकला आपोआप आला, आणि बोटाच्या पेराएवढा हिरवट चिकट बेडका ट्रेमध्ये. मला एवढा आनंद झाला, घरी सांगायची सोय नाही.

तीन वाजेपर्यंत ९३. ट्यूब टळली. निघताना मुलाला बजावलं, जागे असतील तेव्हा दर तासाला हे करून घ्यायचं.

सकाळी दहाला राउंडला गेले तर आजोबा टेकून बसलेले. किती वेळा केलंत विचारलं तर मुलाकडं बोट. त्यानं गोळ्यांच्या पाकिटावर पेनानं रेघा ओढलेल्या, सात. त्यातली एक खोडलेली.

"ती खोटी होती, मॅडम. काच धुरकट झालीच नव्हती."