दोनचा आकडा म्हणजे दोन लिटर नव्हे

भाजी आणायला मी एकटी शेवटची गेले तो दिवस पक्का लक्षात आहे. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर वीस मिनिटं बसून होते. पिशवीत अर्धा किलो गवार आणि मेथीची एक जुडी. पर्समधला ऑक्सिमीटर बोटाला लावला तर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८१ टक्के. शेजारी लिंबं विकायला बसलेल्या बाई म्हणाल्या, “ताई, चक्कर आली का?” मी नुसती मान हलवली. बोलायला श्वास नव्हता.

माझं दुखणं कबुतरांचं. बाथरूमच्या खिडकीबाहेरच्या डक्टमध्ये वर्षानुवर्षं त्यांचा संसार, आणि आम्ही कधी जाळी लावली नाही. त्यांच्या विष्ठेची, पिसांची धूळ छातीत जात राहिली आणि फुप्फुसं हळूहळू कडक झाली. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हे नाव मी वयाच्या ६३व्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. बसल्या जागी मी ठणठणीत दिसते, ९४-९५ असते. चालायला लागले की घसरगुंडी. म्हणून घरात हवेतून ऑक्सिजन काढून देणारं, मिनिटाला पाच लिटरचं मोठं मशीन (कॉन्सन्ट्रेटर) आहे, पंधरा किलोंचं, चाकांवर फिरणारं, विजेवर चालणारं. लांब नळी लावून बैठकीची खोली ते गॅलरी एवढं माझं राज्य. गॅसच्या ज्योतीजवळ ही नळी न्यायची नसते, त्यामुळे पोळ्या आता आमचे हे करतात. त्या पोळ्यांवर स्वतंत्र लेख होईल.

बाहेर जायचं तर सिलिंडर. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन मावतो, मिनिटाला दोन लिटरने बारा तास पुरतो. पण तो उचलायला एक माणूस लागतो आणि आमची नौपाड्यातली इमारत जुनी, दुसरा मजला, लिफ्ट नाही, छत्तीस पायऱ्या. शिवाय विमानात स्वतःचा सिलिंडर नेता येत नाही. विमानाचा विषय निघाला कारण मुलगी बेंगळुरूला आणि डिसेंबरमध्ये तिचं बाळंतपण.

तर खांद्याला लावायचं छोटं मशीन घ्यायचं ठरलं. ‘ठरलं’ आणि ‘घेतलं’ यांच्यात अडीच महिने गेले.

पहिला विक्रेता घरी आला. मशीन टीपॉयवर ठेवलं, बटण दाबत आकडा पाचवर नेला आणि म्हणाला, “बघा मावशी, पाच लिटर. तुमच्या त्या मोठ्या धुडाएवढंच.” मला ते खरं वाटलं. यांनाही वाटलं. चेकबुक काढायचंच बाकी होतं. पण डॉक्टरांना एकदा विचारू म्हणून थांबलो, ते बरं झालं.

आमच्या छातीच्या डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे आकडे मांडले. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, नायट्रोजन ७८. मशीन हवा ओढून दाबाखाली झिओलाइटच्या बारीक दाण्यांतून सोडतं, दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पलीकडे नव्वद टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन निघतो. इथपर्यंत लहानमोठी मशीनं सारखीच. फरक पुढे. घरचं मोठं मशीन म्हणजे नळ, सतत वाहणारा. छोटं म्हणजे पिचकारी. तुम्ही श्वास आत घ्यायला लागलात की ते ओळखतं आणि तेवढ्यापुरती एक फुंकर सोडतं. यात फसवणूक काही नाही. श्वास सोडताना नळाचा ऑक्सिजन तसाही वायाच जातो. फुप्फुसात खोलवर पोचतो तो श्वासाच्या सुरुवातीचा. नेमकी तेव्हा पिचकारी उडाली तर थोडक्यात काम भागतं.

घोळ आहे तो आकड्यात. माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत होतं की सेटिंग २ म्हणजे मिनिटाला ४२० मिली. कुठे दोन लिटर आणि कुठे अर्ध्या लिटरलाही कमी! मिनिटाला २० श्वास घेतले तर एका श्वासाला २१ मिली येतात. जिना चढताना माझे श्वास ३० होतात, तेव्हा तेच ४२० तीस जणांत वाटले जातात, हाती येतात १४. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पिचकारी बारीक होते. सगळी मशीनं अशी नसतात, काही दर श्वासाला ठरलेलं माप देतात, पण तीही एका मर्यादेपर्यंतच. आणि एका कंपनीचं २ आणि दुसरीचं २ यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.

“काकू, आकडा विसरा,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “मशीन लावून माझ्यासमोर चाला. बोटावर काय दिसतं ते खरं.”

मग आम्ही तीन विक्रेत्यांना मशीन घेऊन हॉस्पिटलमध्ये बोलावलं. दोघे आले, मिळून तीन मशीनं घेऊन. तिसरा म्हणाला, आधी अर्धे पैसे भरा. त्याला तिथेच नमस्कार केला. सहा मिनिटं चालायची एक चाचणी असते, ३० मीटरच्या कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायच्या. माझ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेली खालची रेघ होती ८८.

पहिलं मशीन १.३ किलोंचं. मी त्याच्या प्रेमातच पडले. पर्सएवढं, खांद्यावर आहे की नाही कळत नव्हतं. त्याचं सर्वांत वरचं सेटिंग ३, म्हणजे मिनिटाला ६३० मिली. चौथ्या मिनिटाला मी ८४ला पोचले आणि नर्सने खुर्ची आणली. मी म्हटलं, परत एकदा बघू, आज झोप नीट झाली नव्हती. डॉक्टरबाईंनी नुसतं बघितलं माझ्याकडे. दुसरं २.२ किलोंचं, सहापर्यंत सेटिंग. चारवर ठेवलं, म्हणजे ८४० मिली. सबंध सहा मिनिटांत सगळ्यात खाली आले ती ८९. तिसरं साडेचार किलोंचं, ते पिचकारीही देतं आणि नळासारखे सलग दोन लिटरही. त्यावर ९१ राहिले, पण ट्रॉलीवरून ओढायचं ते. छत्तीस पायऱ्यांचं काय?

सवा दोन किलोंवर मन बसवलं. लगेच विकत मात्र घेतलं नाही, आठवडाभर भाड्याने आणलं. हा सल्ला कुणी दिला नव्हता, माझाच हट्ट. हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीवर चालणं वेगळं आणि गावदेवीच्या मंडईत सांडलेल्या पाल्यावरून चालणं वेगळं.

तो आठवडा फार शिकवून गेला. छत्तीस पायऱ्या एका दमात चढले तर ८६. अठरा पायऱ्यांनंतर पहिल्या मजल्यावर मिनिटभर टेकले तर ८९. आता तिथे माझं एक स्टूल कायमचं ठेवलेलं आहे. मंडईत काकडीचा भाव करता करता मशीन एकाएकी किंचाळायला लागलं. मी तोंडाने बोलत होते, तोंडानेच श्वास घेत होते. नाकात श्वास सापडेना म्हणून त्याने अलार्म दिला. काकडीवाली घाबरली आणि दहा रुपये कमी केले. त्या दिवसापासून भाव करताना मी मध्ये नाकाने श्वास घ्यायला थांबते. त्याने भाव अजूनच उतरतो असं माझं निरीक्षण आहे.

बॅटरीचंही तसंच. जाहिरातीत ठळक अक्षरांत साडेसहा तास. ते सेटिंग १ला. माझ्या चारवर घड्याळ लावून मोजले तर दोन तास वीस मिनिटं. बसून राहताना मी दोनवर असते, तिथे पाचेक तास. म्हणून मी एक मोठी आणि एक लहान बॅटरी घेतली. टॅक्सीत लावायची वायर बरोबर आहे ना तेही विचारून घेतलं. रेल्वेने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की डब्यातले चार्जिंगचे पॉइंट रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवतात, त्यांच्या भरवशावर रात्र काढता येणार नाही. तशी रात्र या मशीनवर काढायचीच नाही असं मला डॉक्टरांनी सांगितलं आहे. झोपेत श्वास उथळ होतो, तोंड उघडं पडतं, पिचकारीला कळतच नाही कधी उडायचं. बेंगळुरूला मुलीच्या घरी मोठं मशीन भाड्याने सांगून ठेवलं ते यासाठी.

मधल्या काळात भाच्याने एक लिंक पाठवली, वीस हजारांत ‘१ ते ७ लिटर’. माहिती शेवटपर्यंत वाचली तर एक लिटरला ९० टक्के आणि सात लिटरला ३० टक्के. साध्या हवेतच २१ असतो! भाच्याला रागावले नाही, त्याला तीन लाख ऐकून धक्का बसला होता. मला आलेले भाव पावणेदोन ते तीन लाखांचे होते. मेडिक्लेमवाल्यांनी नाही म्हटलं. हॉस्पिटलात दाखल असताना लागणारी वस्तू नाही, म्हणे.

घेताना मी विक्रेत्याला छळलं ते झिओलाइटच्या नळकांड्यांवरून. त्यांना कॉलम म्हणतात, आणि दमट हवा त्यांची वैरी. ठाण्याचा पावसाळा म्हणजे काय ते सांगायला नको. कॉलम घरी बदलता येतात की मशीन पाठवावं लागतं, किंमत किती, दुरुस्तीला गेलं तर तोवर दुसरं देणार का, हे सगळं बिलावर लिहून घेतलं. मशीन कपाटात ठेवून दिलं तरी ओल धरते, म्हणून बाहेर गेले नाही त्या दिवशीही थोडा वेळ चालवते. मशीनची हवा गाळणारी जाळी दर रविवारी धुते. नाक कोरडं पडतं, पण लहानपणापासूनची खोबरेल तेलाची सवय बंद. तेल, व्हॅसलिन आणि ऑक्सिजन यांचं जमत नाही, भडका उडू शकतो. गणपतीत आरतीला मी दाराशी उभी राहते आणि निरांजन दुरूनच.

विमानाचं प्रकरण वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. मेडिफ नावाचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घेतला, विमान कंपनीने तो ४८ तास आधी मागितला. प्रवासाच्या वेळेच्या दीडपट पुरेल इतक्या बॅटऱ्या हव्यात. बॅटरीवर तिच्या क्षमतेचे वॅट-अवर छापलेले असतात. १०० पर्यंत अडचण नाही, १०० ते १६० असतील तर कंपनीची परवानगी लागते. सुटी बॅटरी हातातल्या सामानातच, टोकं झाकून. सुरक्षा तपासणीत बाईंनी मशीन उलटंपालटं केलं, चिठ्ठी वाचली आणि जाऊ दिलं.

वर गेल्यावर मात्र मी आकड्याकडे डोळे लावून बसले. विमानात हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. जास्तीत जास्त ८००० फूट, म्हणजे जवळजवळ २४०० मीटर उंचीवर असावा तितका तो खाली येऊ शकतो. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास, त्याच्याही हजारभर मीटर वर. म्हणजे जमिनीवर २१ऐवजी साधारण १५ टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेत श्वास घेतल्यासारखं होतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, बसूनही तीनवर ठेवा. ठेवलं. ९० आणि ९१ मध्ये आकडा खेळत राहिला. शेजारच्या मुलाने विचारलं, “आजी, हे कसलं टिकटिक करतंय?” म्हटलं, माझा श्वास मोजतंय. त्याला ते पटलं आणि तो खिडकीकडे वळला.

दीड महिना राहून नातीचं बारसं करून परत आले. परतीचं विमान तासभर उशिरा सुटलं, मग वाटेत ट्रॅफिक, आणि टॅक्सीतली वायर मी बेंगळुरूलाच विसरले होते. नौपाड्यात उतरले तेव्हा मोठी बॅटरी संपलेली होती आणि लहान बॅटरीत दोन कांड्या उरल्या होत्या. सेटिंग चारवर नेलं, अठरा पायऱ्या चढले, स्टुलावर टेकले, उरलेल्या अठरा चढले. दार उघडलं तेव्हा एक कांडी होती.