जिवंत मालाचा सौदा: व्हिक्टोरियात चालती नर्सरी घेताना

"ताई, जमीन भाड्याची आहे म्हणतेस, मग विकत नेमकं काय घेतलंस?" धाकट्या भावाचा हा प्रश्न घरच्या सगळ्यांच्याच मनात होता, म्हणून उत्तर इथेच लिहिते. आम्ही घेतली ती कुंड्यांमधली रोपं, पॉलिहाऊस, पंप, कुंड्या भरायचं यंत्र, एक खटारा पिकअप, गिऱ्हाइकांची यादी आणि नर्सरीचं नाव. मेलबर्नच्या पूर्वेला, डँडेनाँग डोंगरांच्या आसपास अशा नर्सऱ्या बऱ्याच आहेत. त्यांचे मालक सत्तरीला आले की मुलांना चिखलात उतरायचं नसतं आणि नर्सरी विकायला निघते.

धंदा विकायच्या जाहिरातीत इथे किंमत दोन तुकड्यांत असते. एक आकडा गुडविल (म्हणजे धंद्याचं नाव आणि बांधलेली गिऱ्हाइकं) आणि यंत्रसामग्रीचा, आणि त्यापुढे 'प्लस एसएव्ही', म्हणजे स्टॉक अ‍ॅट व्हॅल्युएशन. ताबा घ्यायच्या दिवशी जितका माल निघेल त्याचे पैसे वेगळे. किराणा दुकानात हे सरळ असतं, डबे मोजले की झालं. नर्सरीत माल रोज वाढतो, रोज थोडा मरतो आणि काही माल वाढून वाढूनच निकामी होतो. माझ्या मते नर्सरीचा खरा सौदा या मोजणीतच होतो. नफ्यातोट्याची तीन वर्षांची पत्रकं अकाउंटंटने बघावीत, बघायलाच हवीत. पण रोप कुंडीतून उपसून मूळ बघणं हे काम तुम्हीच करायचं.

रोप उलटं धरून कुंडीच्या काठावर हलकेच आपटलं की गोळा बाहेर येतो. पांढरी टोकं असलेली मुळं सगळीकडे दिसली तर माल चांगला. मुळं तपकिरी, मऊ, आणि वास आंबूस, तर पाणी जास्त झालंय किंवा फायटोफ्थोरासारखा रोग शिरलाय. मुळं कुंडीच्या आतून गोल गोल गुंडाळलेली दिसली, तर ते रोप मोठ्या कुंडीत जायची वेळ कधीच टळून गेली. वरून ते हिरवंगार, फुललेलंसुद्धा असतं. झाडांच्या बाबतीत ही गुंडाळी फार वाईट, कारण जमिनीत लावल्यावर काही वर्षांनी तेच मूळ खोडाला फास लावतं आणि वाऱ्यात झाड आडवं होतं. त्यामुळे नगरपालिका आणि लँडस्केपवाले मोठी झाडं घेताना मुळं तपासतात, त्यासाठी ऑस्ट्रेलियन स्टँडर्ड २३०३ आहे. म्हणजे यादीत 'मोठी झाडं' म्हणून सगळ्यात महाग दिसणारा माल कधीकधी कचऱ्याच्या भावाचा असतो. कुंडीच्या मातीवर लिव्हरवर्टचा हिरवा चपटा थर जमलेला असेल तर ते रोप बरेच महिने हललेलं नाही, हेही समजून घ्यायचं.

आम्ही तीन गट ठरवले: आजच विकता येईल असा, वाढीवर असलेला आणि टाकून द्यायचा. पहिल्याला घाऊक भावातून ठरावीक टक्के वजा, दुसऱ्याला फक्त उत्पादनखर्च, तिसऱ्याला शून्य. तिसऱ्या गटावर म्हातारे मालक चिडले. त्यांच्या दृष्टीने ती रोपं त्यांनी बियांपासून वाढवलेली. माझ्या दृष्टीने ती जागा अडवणारी. दोघांचंही खरं होतं, तरी शून्य लिहिलं गेलं. करारात दोन कलमं आमच्या वकीलबाईंनी आग्रहाने घातली. मालाच्या किमतीला वरची मर्यादा, आणि ठरलेल्या तारखेनंतर कुंडी बदललेल्या रोपांना जुन्या, छोट्या कुंडीचाच भाव. हे दुसरं कलम वाचून मला आधी हसू आलं होतं. पण विचार करा, मोजणीच्या आदल्या आठवड्यात हजारभर रोपं नळीएवढ्या छोट्या कुंडीतून १४० मिलिमीटरच्या कुंडीत हलवली की कागदावर त्यांची किंमत कितीतरी पटीने वाढते, आणि कुंडीत असते नुसती सालीची माती.

हो, माती म्हणजे इथे बहुतेक कुजवलेली पाइनची साल. तिच्यात लिजिओनेला लाँगबीची नावाचा जीवाणू असू शकतो, फुप्फुसाला त्रास देणारा. म्हणून पिशवीवर मास्क आणि हातमोज्यांची सूचना छापलेली असते आणि नर्सरीत ती खरोखर पाळतात. हे आईला सांगू नये.

रोगकिडींचे नियम मात्र इथे फार कडक आहेत. २०१० मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये मर्टल रस्ट हा पिवळ्या भुकटीचा तांबेरा सापडला आणि पुढच्याच वर्षी तो व्हिक्टोरियात आला. त्याचा मारा मिर्टेसी कुळावर, म्हणजे निलगिरी, बॉटलब्रश आणि आपल्या जांभळाचीच चुलत बहीण असलेली लिली पिली. इथे कुंपणासाठी लिली पिलीच्या रांगाच्या रांगा खपतात, त्यामुळे विकत घेताना त्या रांगांची कोवळी पालवी उलटसुलट करून बघितली. ब्रिस्बेनकडून माल येत असेल तर २००१ पासून तिथे मुक्काम ठोकलेल्या फायर अँट या लाल मुंग्यांची भीती, म्हणून तिकडची माती आणि कुंड्या हलवण्यावर बंधनं. पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियात रोपं पाठवायची तर कागदपत्रांचा गठ्ठाच लागतो. नर्सरीकडे 'नियासा' हे उद्योगाचं मानांकन होतं. पण त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं बघून भागत नाही, शेवटचा तपासणी अहवाल मागून घ्यायचा.

आणखी एक कागद सहज निसटतो. काही जातींवर प्लांट ब्रीडर्स राइट्स, म्हणजे ती जात तयार करणाऱ्याचे हक्क असतात, १९९४ च्या कायद्याप्रमाणे २० वर्षं, झाडं आणि वेलींना २५. त्या जातींची कलमं करायचा परवाना मालकाच्या नावाने असतो आणि नर्सरी विकली म्हणून तो आपोआप आपल्याकडे येईलच असं नाही. आमच्या यादीतल्या सर्वाधिक खपणाऱ्या काही जाती अशाच होत्या. परवाना देणाऱ्या कंपन्यांची लेखी संमती मिळेपर्यंत आम्ही सही केली नाही.

पाणी: बोअर असो की ओढा, व्यवसायासाठी उचलायचं तर १९८९ च्या वॉटर अ‍ॅक्टखाली परवाना लागतो, त्यावर वर्षाचा आकडा लिहिलेला असतो. घराला आणि गुरांना लागणाऱ्या पाण्याची सूट नर्सरीला नाही. १९९७ ते २००९ चा दुष्काळ ज्यांनी काढला ते नर्सरीवाले वाहून जाणारं पाणी तळ्यात साठवून, शुद्ध करून पुन्हा फिरवतात. असं तळं असेल तर किमतीत थोडं जास्त द्यावं, असं माझं मत.

बाकीची कागदपत्रं भराभर सांगते, कारण ती वकील बघतातच. छोट्या धंद्याच्या विक्रीत मालकाने सेक्शन ५२ चं, म्हणजे धंद्याच्या आर्थिक स्थितीचं निवेदन द्यायचं असतं. पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत शोध घेतला की ट्रॅक्टर किंवा यंत्रावर कुणाचं कर्ज आहे ते कळतं, आणि त्याला दोन डॉलर लागतात. चालता धंदा म्हणून घेतला, दोघांनी तसं लेखी मान्य केलं आणि बाकीच्या अटी पाळल्या तर १० टक्के जीएसटी लागत नाही. कामगारांची साठलेली रजा मात्र नीट बघा. व्हिक्टोरियात सात वर्षांनी लाँग सर्व्हिस लीव्हचा, म्हणजे दीर्घ नोकरीबद्दलच्या भरपगारी रजेचा हक्क मिळतो, आणि धंदा विकला तरी नोकरीची वर्षं चालूच राहतात. पॉटिंग टेबलावरची मावशी वीस वर्षं तिथे होती. तिची रजा म्हणजे आमच्या डोक्यावर येणारं देणं, ते किमतीतून वजा करून घेतलं.

ती मावशी राहिली हे मात्र सगळ्यात मोठं नशीब. कारण मालकांचं वेळापत्रक कुठेही लिहिलेलं नव्हतं. इथे मदर्स डे मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, तेव्हा इकडे शरद आणि शेवंतीचा बहर. त्या एका रविवारसाठी छाटकलमं किती महिने आधी लावायची, शेंडे कधी खुडायचे, हे तिच्या हातात होतं. मालकांनी करारानुसार काही आठवडे येऊन शिकवलं, आसपास दुसरी नर्सरी न काढण्याचंही लिहून दिलं. अजून फोन करतात आणि पंपाची चौकशी करतात. आमची नाही.

कुणी विचारतंच आहे म्हणून ताब्याच्या तारखेबद्दल सांगते. इथली खरी विक्री सप्टेंबर ते नोव्हेंबर, वसंतात. विकणाऱ्याला तो हंगाम स्वतःच्या खात्यात घ्यायचा असतो. मग डिसेंबरात तुमच्या हाती अर्धी रिकामी बाकं, उन्हाळ्यात चाळीस अंश गाठणारा उत्तरेचा वारा आणि पाण्याचं बिल येतं. आम्ही ऑगस्टवर अडून बसलो. हिवाळ्यात उघड्या मुळांची गुलाबं आणि फळझाडं विकून संपलेली असतात, वसंताचा माल कुंड्यांत उभा असतो आणि पहिल्या तीन महिन्यांत भाडं व पगार निघतात. त्या तारखेसाठी गुडविलमध्ये थोडे जास्त पैसे मोजले. नवरा अजून कुरकुरतो, पण ऑक्टोबरचा हिशोब त्यानेच लिहिला आहे.