०.०६ च्या जागी ०.१३

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा शाळेतून निरोप आला आणि डोळ्यांसमोर पहिल्यांदा आला तो प्रयोगशाळेतला, विजेची धारा मोजणारा अ‍ॅमीटर. पांढरी तबकडी, बारीक काळा काटा आणि काट्यामागे आरशाची पट्टी. काटा आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब एकावर एक आलं की मगच आकडा वाचायचा, हे विज्ञानाच्या बाईंनी आमच्याकडून इतकं घोटवून घेतलं होतं की आजही काट्याचा मीटर समोर आला की मान आपोआप सरळ होते.

पहिला प्रयोग नायक्रोम या मिश्रधातूच्या तारेचा. अ‍ॅमीटर एकसर जोडायचा, व्होल्टमीटर तारेच्या दोन टोकांना समांतर. १ व्होल्टला ०.२ अँपिअर, २ व्होल्टला ०.४, ३ व्होल्टला ०.६. भागाकार दर वेळी ५ ओहम, आणि आलेख म्हणजे शून्यातून निघालेली सरळ रेघ. मग बाईंनी त्याच आकड्यांचा गुणाकार करायला लावला: ०.२ वॅट, ०.८ वॅट, १.८ वॅट. विभवांतर, म्हणजे व्होल्टचा आकडा, दुप्पट तर शक्ती चौपट, तिप्पट तर नऊपट, कारण विभवांतराबरोबर धाराही तितक्याच पटीनं वाढते. दोन काटे वाचायचे. भागलं की रोध, गुणलं की शक्ती. एवढ्याशा कृतीतून तारेच्या आतलं सगळं कळतं, याचा मला त्या दिवशी विलक्षण आनंद झाला होता.

पुढच्या आठवड्यात तारेच्या जागी विजेरीचा छोटा बल्ब आला. त्यावर २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर असं कोरलेलं. शेवटचं रीडिंग अगदी तसंच आलं, म्हणजे रोध ८.३ ओहम. पण खालची रीडिंग काही केल्या रेघेवर बसेनात. मला वाटलं, जोडणीत चूक झाली. तास संपत आला होता. मी वहीतले आकडे खोडरबरानं पुसले आणि ओहमच्या नियमाप्रमाणे, म्हणजे विभवांतराच्या पटीत, यायला हवेत ते ०.५ पासून २.५ व्होल्टपर्यंत अर्ध्या-अर्ध्या व्होल्टनं लिहून टाकले: ०.०६, ०.१२, ०.१८, ०.२४, ०.३०. आलेख सुरेख आला.

बाईंनी वही घेतली, उजेडाकडे तिरकी धरली आणि खोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. रागावल्या नाहीत. "०.५ व्होल्टवर आण," एवढंच म्हणाल्या. मी धारा नियंत्रकाची सरकपट्टी मागे नेली. बल्ब पेटल्याचं दिसतही नव्हतं. काटा ०.१३ वर थांबला होता.

"काय लिहिलं होतंस?"

"०.०६, बाई."

"मग खरं कोण? तू की काटा?"

मग त्यांनी पाचही रीडिंग पुन्हा घ्यायला लावली: ०.१३, ०.१८, ०.२३, ०.२७, ०.३०. प्रत्येकाचा भागाकार करायला लावला. रोध ३.८ ओहमपासून चढत चढत ८.३ वर गेला. बल्बची तार जसजशी तापत होती, तसतसा तिचा रोध वाढत होता. ओहमचा नियम तापमान स्थिर असताना लागू होतो, हे पुस्तकातलं वाक्य आम्ही पाठ म्हणत होतो आणि त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. शक्तीचा गुणाकार मात्र प्रत्येक ठिकाणी बरोबरच होता: ०.५ व्होल्टला ०.०६५ वॅट, २.५ व्होल्टला ०.७५ वॅट. विभवांतर पाचपट, शक्ती जेमतेम साडेअकरापट. नायक्रोम असती तर पंचवीसपट झाली असती. माझ्या खोट्या आकड्यांत हे सगळं पुसलं गेलं होतं.

त्या दिवशी तास संपल्यावर बाईंनी हा नियम मांडणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाची, ओहमची गोष्ट सांगितली. तोही कोलोनमधल्या एका शाळेत शिकवायचा. १८२५ साली त्यानं जे सूत्र छापलं ते चुकीचं होतं, कारण त्याच्या विद्युतघटांचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरत जायचा. त्यानं घट बाजूला ठेवले, तांबं आणि बिस्मथ जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, त्यातून स्थिर धारा मिळवली आणि सगळं नव्यानं मोजलं. १८२७ च्या त्याच्या पुस्तकात नियम आला तो त्यानंतर. "त्यानं साधन बदललं, आकडे नाही," बाई म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "यापुढे खोडरबर नको. चुकलं तर एक आडवी रेघ मार. खालचा आकडा वाचता आला पाहिजे."

आज मी यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. मध्यंतरी २३० व्होल्टच्या, २,००० वॅटच्या एका हीटरची तक्रार होती: तापायला वेळ लागतो, एलिमेंट बदला. एलिमेंटचा रोध मोजला तर २६.४ ओहम, जितका हवा तितकाच. चालू केल्यावर धारा ८.७ अँपिअर यायला हवी होती, आली ८.३. एलिमेंटच्या टोकांना २२० व्होल्ट, मेन स्विचपाशी मात्र पूर्ण २३०. मधले १० व्होल्ट कुठे गेले? तार चाचपत गेलो तर एका टर्मिनलचा स्क्रू सैल होता. त्या सांध्याच्या दोन बाजूंना मीटर लावला आणि ते १० व्होल्ट तिथे सापडले. १० भागिले ८.३, म्हणजे १.२ ओहम. १० गुणिले ८.३, म्हणजे ८३ वॅट, नखाएवढ्या जागेत. भोवतालचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. अजून काही दिवसांत तिथे आग लागली असती. एलिमेंटला हातही लावावा लागला नाही. टर्मिनल बदललं आणि धारा ८.७ झाली.

माझ्याबरोबर तेव्हा एक नवा मुलगा होता. त्यानं नोंदवहीत आधी ८.७ लिहिलं होतं, कारण तेवढंच यायला हवं होतं. मग मीटर पाहिला आणि खोडरबर शोधायला लागला. मी त्याच्या हातात पेन दिलं. त्या पानावर अजून ८.७ दिसतं, त्यावर एक आडवी रेघ आणि शेजारी ८.३.