सोळा पायऱ्या

आज मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईत, आप्रवासी घाट हा बंदरावरचा जुना धक्का पाहिला. वर चढणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या, कडा झिजलेल्या. गुलामगिरी संपताना उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते, म्हणून १८३४ पासून गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, या बंदरात उतरले. त्यांत आपले रत्नागिरीकडचेही होते. पायरीला हात लावला आणि गळा दाटला.

तिथल्या एक आजी क्रिओलमध्येच, म्हणजे इथल्या बोलीतच, बोलत होत्या. मी कोकणातली कळल्यावर हात धरून म्हणाल्या, "मोरया!" गणेश चतुर्थीला मॉरिशसभर सुट्टी असते.

१९६८ला देश स्वतंत्र झाला खरा, पण त्याआधी १९६५ला ब्रिटिशांनी हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली, पुढे तिथल्या माणसांना घराबाहेर काढलं. हा अन्याय मला अजिबात जुना वाटत नाही.