आधी धडा, मग वजन

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५. गावभागातलं आप्पांचं किराणा दुकान माळ्यापर्यंत बुडालं. पाणी उतरल्यावर आठ दिवस आम्ही गाळ उपसत होतो. फुगलेली डाळ, कुजलेले गहू फावड्यानं ओढले, त्यांचा चिखलच झाला होता. पुड्या, पाऊच, शाम्पूच्या माळा मात्र जशाच्या तशा. आप्पांनी एक रिकामं पाकीट बादलीत खळबळलं आणि उजेडाकडे धरलं. "ह्याला काय धाड भरली नाही बघ," म्हणाले. २०१८ ला राज्यात पिशवीबंदी आली तेव्हा त्यांनी महिनाभर कागदी पुडे बांधले होते. मग बाजारात पिशव्या गुपचूप परत आल्या, त्यांच्याकडेही आल्या. ते दुकान त्यांनी पुन्हा उघडलं नाही.

मी उघडलं, पण दोन वर्षांनी, विश्रामबागेत आणि वेगळं: पाकिटं नाहीत, गिऱ्हाईकानं आणलेल्या डब्या-बरणीत सुटा माल भरून द्यायचा. मधल्या काळात कोरोना. दुसऱ्याच्या बरणीला हात लावायला कोण तयार होणार? विश्रामबाग निवडली कारण पुराचं पाणी तिथवर सहसा येत नाही, आणि वालचंद कॉलेजची पोरं जवळ राहतात. २०२१ च्या दसऱ्याला मी, माझी जाऊ आणि बचत गटातल्या दोघी अशा चौघींनी भागीदारीत सुरुवात केली. सीए म्हणत होते कलम ८ ची कंपनी काढा, तिथं नफा वाटताच येत नाही. आम्हाला वाटायला नफा तरी कुठं होता! भागीदारीच्या करारातच घातलं, की जो नफा होईल त्यातला अर्धा बरण्या धुणाऱ्या बायकांच्या कामावर आणि दुकानावरच खर्च करायचा.

पहिल्याच आठवड्यात एक निवृत्त गृहस्थ स्टीलचा डबा घेऊन आले. मी डबा काट्यावर ठेवला, टेअरचं बटण दाबलं, तूरडाळ ओतायला लागले. "थांबा. धडा केलासा का?" धडा म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन आधी वजा करणं. मी म्हटलं, केला की, शून्य आलंय बघा. "तुमचं शून्य तुमच्या बाजूला. मला काय दिसतंय?" खरंच, आकडे माझ्या बाजूला होते. आप्पा मागं खुर्चीत बसले होते. उठले, काटा फिरवला, रिकाम्या डब्याचं वजन मोठ्यानं वाचलं आणि ऑइलपेंटच्या पेनानं डब्याच्या बुडाला लिहिलं. "आता कुठल्याबी दुकानात जावा."

तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला आकडा असतो. किलोभर डाळ मावणारी काचेची बरणी स्वतःच पाचशे-सहाशे ग्रॅम भरते. धडा चुकला तर गिऱ्हाईक अर्धा किलो काचेचे पैसे डाळीच्या भावानं देऊन जाईल. पर्यावरणाचं पोस्टर बघून माणूस एकदा येतो. दुसऱ्यांदा तो काट्यामुळे येतो, हे मला शिकायला सहा महिने लागले. पोस्टर काढलं, त्या जागी काटा तपासल्याचं वैधमापन खात्याचं त्या वर्षीचं प्रमाणपत्र लावलं.

भावाचंही एक गणित आमच्या बाजूनं आलं. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी लागला. सुट्या मालावर नाही. आम्ही ३० किलोचं पोतं आणतो आणि सुटं विकतो, त्यामुळे तो बोजा नाही. तरी मॉलमधल्या ऑफरपुढे आम्ही टिकतोच असं नाही, साबणात तर नाहीच.

मला वाटलं होतं, कापडी पिशवीवाल्या बंगल्यांतल्या बायका आपलं गिऱ्हाईक. त्या येतात, फोटो काढतात, बडीशेप नेतात. रोजचा गल्ला खोलीवर राहणाऱ्या पोरांचा आणि साइटवर काम करणाऱ्यांचा. दहा रुपयांची मसूर, पंधरा रुपयांचा कपडे धुवायचा लिक्विड साबण, तोही पाण्याच्या जुन्या बाटलीत. पाच-दहा रुपयांच्या पाकिटाशी खरी लढत तिथं आहे. हळदीची पूड आम्ही ठेवत नाही, हळकुंडं ठेवतो. शेजारच्या गिरणीत समोर दळून मिळते. सांगलीत राहून हळदीवर संशय घ्यायची वेळ कुणावर येऊ नये.

तेल नाही. रोज कुणीतरी किटली घेऊन येतं आणि रोज सांगावं लागतं, की सुटं खाद्यतेल विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांत मनाई आहे. भेसळ रोखायला केलेला नियम आहे, चुकीचा म्हणवत नाही, पण आमची पंचाईत होते.

चुका भरपूर झाल्या. सुरुवातीला हौसेनं पारदर्शक उभे डबे घेतले, खाली खिटी ओढली की धान्य पडतं तसले. दिसायला झकास. पण कोपऱ्यातलं धान्य खाली येतच नाही, आणि आम्ही वरून नवं ओतत राहिलो. पहिल्याच पावसाळ्यात त्या कोपऱ्यांतून पोरकिडे निघाले आणि दोन पोती तांदूळ कोंबड्यांना गेला. आता झाकणाचे साधे स्टीलचे डबे. तळ दिसल्याशिवाय, पुसून उन्हाला लावल्याशिवाय नवं पोतं फोडायचं नाही. फरशी पुसायचं बायो-एंझाइमही घरीच करतो. एक भाग गूळ, तीन भाग लिंबाच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने. साली रसवंतीवाले देतात. पहिल्या महिन्यात रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही विसरलो. परत आलो तर झाकण पंख्यावर आणि साली भिंतीवर.

पाटीवर आधी 'शून्य कचरा' लिहिलं होतं. मग जाऊबाई एकदा मागच्या खोलीत उभी राहून म्हणाली, "ही पोती काय सोन्याची आहेत?" प्लॅस्टिकच्या विणीची पोती, आतल्या पिशव्या, साबणाचे कॅन. कॅन साबण भरून देणारा परत घेतो. पोती शेतकरी नेतात. आतल्या पिशव्यांचं काय करावं हे अजून सुटलेलं नाही. पाटीवरचा 'शून्य' रंगवून टाकला, 'कमी' लिहिलं. पेंटर हसला.

पहिली दोन वर्षं चौघींनी पगार घेतला नाही. तिसऱ्यापासून घेतो, वेळेवर नाही पण घेतो. बरण्या धुणाऱ्या दोघींचा मात्र महिना कधी चुकला नाही.

येणाऱ्यांना एकच सांगणं. डबा कुठलाही चालेल, पण कोरडा आणा. ओल्या बरणीत भरलेल्या रव्याला चार दिवसांत बुरशी आली आणि त्या वहिनी अजून माझ्याशी बोलत नाहीत.