नमुना चौदामधल्या दोन नोंदी

सकाळी साडेपाच ते सहा हा अर्धा तास गेली आठ वर्षे मी माझ्यासाठी राखून ठेवला आहे. चहाचा कप, कागद, टाक आणि शाईची दौत एवढे घेऊन मी ओट्याशेजारच्या लहान टेबलापाशी बसते आणि मोडी लिपीतील एखाद्या जुन्या पत्राच्या आठ-दहा ओळी उतरवून काढते. मोडीत आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढायची असते आणि मग तिच्या आधाराने अक्षरे लिहीत जायचे असते. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नसते, स्वल्पविराम-पूर्णविराम नसतात, वेलांटी बहुधा दीर्घ आणि उकार बहुधा ऱ्हस्व, आणि हात शक्यतो उचलायचा नाही. सवय झाली की अक्षरातून अक्षर निघत जाते आणि ओळ कधी संपली ते कळत नाही. दिवसभरात माझ्या वाट्याला येणारे घाई नसलेले काम हे एवढेच.

त्यानंतरचा दिवस सगळा घाईचा असतो. नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी मी महसूल सहायक म्हणून काम करते. सातबारा, फेरफार, वारसनोंद, उत्पन्नाचा दाखला, निवडणुकीचे काम, माहिती अधिकाराचे अर्ज, आणि ऐन अकरा वाजता, रांग दारापर्यंत गेलेली असताना, बंद पडणारी संगणकप्रणाली. समोर उभा असलेला माणूस पंचवीस किलोमीटरवरून मजुरी बुडवून आलेला असतो आणि त्याला ‘सर्व्हर नाही, उद्या या’ असे सांगण्याचे काम माझ्याकडे असते. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही हे वाक्य उच्चारताना माझा जीव कासावीस होतो. दोष माझा नसतो हे खरे, पण त्या माणसाच्या दृष्टीने कार्यालय म्हणजे मीच असते आणि त्याचा बुडालेला दिवस भरून देण्याची कोणतीही तरतूद माझ्या टेबलावर नसते.

मोडी मी शिकले ती नोकरीसाठी नव्हे. अभिलेख कक्षातून नस्ती आणायला जावे लागे, तेव्हा फडताळांतले लाल रुमालात बांधलेले गठ्ठे दिसत आणि आपल्याच तालुक्यातील गावांचे कागद आपल्याला वाचता येत नाहीत ही गोष्ट मनाला लागत असे. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात हे ठाऊक होते, पण तेवढी रजा मिळणे शक्य नव्हते. शेवटी आमच्याच गावातील एका निवृत्त शिक्षकांकडे दोन वर्षे रविवारी दुपारी जात राहिले. त्यांची शिस्त कडक होती. कागदावर जे दिसते तेच वाचायचे, जे असावेसे वाटते ते वाचायचे नाही, आणि अक्षर लागले नाही तर तेथे रिकामा कंस सोडून पुढे जायचे, असे ते सांगत. कार्यालयात कोणी विचारले तर ‘आवड म्हणून’ एवढेच मी सांगत असे, आणि ते पुरेसे होते.

२०२३ च्या अखेरीस या आवडीला एकाएकी भाव आला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली होती आणि वर्षअखेरपर्यंत राज्यभरातील कार्यालयांतून मराठा समाजाला कुणबी जातीचे दाखले देता यावेत म्हणून जुन्या अभिलेखांतील कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले होते. १९४८ पूर्वीचे आणि १९४८ ते १९६७ या काळातील अभिलेख तपासायचे होते, आणि त्यांतला मोठा भाग मोडीत. मुंबई इलाख्यात १९१७ मध्येच सरकारी कामासाठी बाळबोध, म्हणजे देवनागरी, पुढे करण्याचे ठरले असले तरी खेड्यापाड्यांतील लिहिणारा हात मोडीचाच होता आणि १९४० च्या दशकापर्यंत कित्येक गावांच्या वह्या त्याच हाताने लिहिल्या गेल्या. ज्या वाचकांची दहा वर्षांत कोणी विचारपूस केली नव्हती त्यांना आता जिल्ह्याजिल्ह्यांतून फोन जाऊ लागले. माझे नेहमीचे टेबल तात्पुरते दुसऱ्याकडे गेले आणि मी अभिलेख कक्षात बसू लागले.

त्या खोलीला खिडकी नाही. एक ट्यूबलाइट आहे, तिच्याखाली पत्र्याचे टेबल, नाकाला फडके बांधून बसायचे, गाठ सोडली की धूळ उडते आणि कसरीने केलेली भोके पानामागून पान त्याच जागी भेटत राहतात. वाळवीने पोखरलेली पाने तर हात लागताच भुगा होतात. ज्या कागदांवर आता साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष लागले होते, ते इतकी वर्षे अशा अवस्थेत पडून राहावेत याचा मला तेव्हाही राग येत होता आणि आजही येतो. शिवाय रोज सायंकाळी पाच वाजता तक्ता भरून पाठवायचा: तपासलेली पाने इतकी, आढळलेल्या नोंदी इतक्या. पाने कमी दिसली की वरून फोन येई. मोडीचे एखादे पान पाच मिनिटांत लागते आणि एखादे तासभर दाद देत नाही, हे फोनवर समजावून सांगणे अवघड होते.

तपासायच्या वह्यांत सर्वांत महत्त्वाची गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. तिच्यात जन्माच्या नोंदीला तारीख, बापाचे नाव, जात, आणि झालेले मूल मुलगा की मुलगी, एवढेच असते. मुलाचे नाव नसते, कारण नोंद होते त्या वेळी बहुधा बारसेच झालेले नसते. मृत्यूच्या नोंदीला मात्र मयताचे नाव असते, वय असते आणि आजार असतो: पटकी, देवी, ताप, हगवण. कितीतरी लहान मुलांची नावे आज केवळ मृत्यूच्या पानावर शिल्लक आहेत. हे मला वाचनाच्या ओघात पहिल्या आठवड्यातच जाणवले होते, परंतु त्याचा अर्थ पुरता उमगला तो डिसेंबरमधील एका गुरुवारी.

त्या दिवशी एक पंचविशीतला तरुण आपल्या आजोबांच्या थोरल्या बहिणीला घेऊन आला होता. जुनी नाती तोंडपाठ असलेली घरात ती एकटीच उरली होती, म्हणून तिला आणले होते. नऊवारी लुगडे, हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. मी खुर्ची दिली. तिने आपल्या बापाचे, आज्याचे, पणज्याचे नाव न अडखळता सांगितले, आणि त्याचा फार उपयोग झाला, कारण त्या गावात तिच्या बापाच्या नावाचे चार इसम होते आणि ‘अमुक बिन तमुक’ असे बापाचे नाव जोडल्याशिवाय कोणता कोण ते ठरत नव्हते. तासाभरात १९२० च्या दशकातील वहीत तिच्या वडिलांच्या नावाची नोंद सापडली. जातीच्या सदरातील अक्षरे स्वच्छ होती. तरुणाने सुटकेचा श्वास सोडला आणि नकलेचा अर्ज भरायला तो बाहेर गेला.

म्हातारी मात्र उठली नाही. टेबलावरच्या वहीकडे पाहत तिने विचारले, ‘‘बाई, ह्याच्यात माझी तारीख असंल का?’’

मी विचारले, कशासाठी हवी आहे. तिने पिशवीतून आधार कार्ड काढून दाखवले. जन्मतारखेच्या जागी १ जानेवारी १९४० होते, जे तारीख ठाऊक नसलेल्या असंख्य माणसांच्या कार्डावर असते, फक्त साल निराळे. ‘‘ही माझी नाही,’’ ती म्हणाली, ‘‘मी पोळ्याच्या करीची. आई सांगायची. बैल आदल्या दिवशी मिरवले अन् दुसऱ्या दिवशी आम्ही झालो. संगं भाऊ होता. तो गेला, मी राहिले. मला काही कागद नको, नुसतं सांग.’’

त्या दिवशीची तीस-चाळीस पाने अजून बाकी होती. पण गेली कित्येक वर्षे खिडकीवर ‘उद्या या’ म्हणत आलेल्या मला, समोरची वही उघडून उत्तर देता येईल असा प्रश्न प्रथमच कोणीतरी विचारला होता. मी १९३६ ते १९४० ची वही काढली. पोळा म्हणजे श्रावणातली अमावास्या, तेव्हा मोबाइलवरच्या पंचांगात एकेका वर्षाची अमावास्या पाहून तिच्या दुसऱ्या दिवसाच्या आसपासची पाने काढायची एवढेच काम होते. १९३६ मध्ये काही नव्हते. १९३७ चे पान पाण्याने डागळले होते, पण तिच्या बापाचे नाव तेथे नव्हते. १९३८ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, पोळ्याच्या करीच्या तारखेला, लागोपाठ दोन अनुक्रमांकांवर तेच नाव आले, तेच बापाचे नाव, तीच जात. पहिल्यापुढे ‘मुलगा’ आणि दुसऱ्यापुढे ‘मुलगी’, आणि शेऱ्याच्या सदरात बारीक अक्षरांत एकच शब्द होता: जावळी, म्हणजे जुळी.

मी ती ओळ तिला बोट ठेवून वाचून दाखवली. तारीख सांगितली, वार सांगितला. तिने बोटे मोडून काहीतरी हिशेब केला आणि मग विचारले, ‘‘माझं नाव कुठं आहे?’’ नाव लिहीत नसत, हे मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. ‘‘त्याचं पण नाही?’’

तेव्हा मला मृत्यूच्या पानांची आठवण झाली. तिला भावाचे नाव ठाऊक नव्हते. तो गेल्यानंतर आईने ते नाव कधी उच्चारले नाही, घरात कोणी काढले तर ती उठून परसात जात असे, आणि पुढे आईही गेली, ठाऊक असणारी बाकीची माणसेही गेली. हे सगळे तिने मला मी पाने उलटत असताना, कोणतीही तक्रार न करता, सांगितले. मी महिन्यामागून महिना पाहत गेले. १९३९ च्या मे महिन्यात बापाचे नाव सापडले. वय नऊ महिने. आजाराच्या सदरात ‘ताप’. मयताच्या नावाचे शेवटचे अक्षर ‘ठू’ स्पष्ट होते, परंतु त्याच्या आधीची शाई ओलीने धुऊन गेली होती आणि तेथे केवळ पिवळट डाग राहिला होता.

काय नाव असणार हे कोणत्याही मराठी माणसाला सुचेल. मलाही सुचले. पण जे असावेसे वाटते ते वाचायचे नाही, ही सरांची शिकवण त्या क्षणी जितकी जड वाटली तितकी पूर्वी कधी वाटली नव्हती. ज्या बाईने पंचाऐंशी वर्षे एका नावाची वाट पाहिली, तिला अंदाजाने नाव देण्याचा मला अधिकार नव्हता. मी ट्यूबलाइट बंद केली आणि मोबाइलचा टॉर्च पानाच्या कडेशी, कागदाला जवळजवळ टेकवून, आडवा धरला. शाई उडाली तरी टाकाचे टोक कागदावर जिथे दाबले गेले असेल तिथे बारीक खाच राहते आणि आडव्या उजेडात त्या खाचेची सावली पडते. प्रथम काही दिसले नाही. टॉर्चची दिशा बदलत राहिले. मग रेघेच्या वर गेलेली वेलांटीची कमान दिसली, आणि तिच्याखाली, वहीच्या त्याच हाताने इतरत्र पन्नासदा लिहिलेला ‘व’. मागच्या पानावरचे दोन ‘व’ शेजारी ठेवून मी तो पुन्हा ताडून पाहिला. आता कंस रिकामा ठेवण्याचे कारण उरले नव्हते. पंढरीच्या देवाचेच नाव होते.

मी ते मोठ्याने वाचले. तिने ते माझ्यामागून म्हटले, मग एकदा हळू, मग लहान मुलाला हाक मारावी तसे. दारात तरुण नकलेची पावती घेऊन उभा होता. तो आत आला नाही. टेबलावर माझा फोन दोनदा वाजून थांबला. पाच वाजायला आले होते आणि तक्ता गेला नव्हता.

‘‘तिथं लिही ना माय, त्याच्यापुढं त्याचं अन् माझ्यापुढं माझं,’’ ती वहीकडे बोट दाखवून म्हणाली. अभिलेखात आता कोणालाही एक काना वाढवता येत नाही, हे मला तिला सांगावे लागले, आणि तिने ते शांतपणे ऐकून घेतले. मग मी कोरा कागद घेतला, दोन्ही नोंदी जशाच्या तशा बाळबोधीत उतरवल्या, आणि हा अधिकृत दाखला नाही, केवळ वाचन आहे, हे खाली लिहिले. ‘मुलगा’ या शब्दापुढे तिने सांगितल्याप्रमाणे भावाचे नाव लिहिले, ‘मुलगी’ या शब्दापुढे तिचे. तिने तो कागद नातवाकडून एकदा वाचून घेतला, आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात घडी करून ठेवला आणि पाकीट पिशवीत न ठेवता कनवटीला खोचले. दारापाशी थांबून तिने मला विचारले, ‘‘आधी तो झाला का मी?’’

‘‘आधी तो,’’ मी म्हणाले, ‘‘त्याचा नंबर आधीचा आहे.’’

‘‘मग थोरला होता,’’ असे नातवाला सांगत ती पायऱ्या उतरू लागली.