कावीळ आहे, पण हिपॅटायटिस ए-बी-सी-ई सगळं निगेटिव्ह

आज दिवसभर कानावर पडलेला प्रश्न: "रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे व्हायरस नाहीच ना?" असं नाही हो. हिपॅटायटिस सी या यकृताला सूज आणणाऱ्या व्हायरसच्या अँटिबॉडी दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. तोवर व्हायरसचा जनुकीय अंश शोधणारी आरएनए चाचणीच खरं सांगते.

२०२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लहान मुलांना तीव्र हिपॅटायटिस झाला, ए ते ई काहीच सापडेना. ॲडिनोव्हायरसचा (सर्दी-जुलाब करणारा नेहमीचा व्हायरस) माग लागला, पण नुसता प्लाझ्मा (पेशी वगळलेला रक्तातला द्रव) तपासला तर तो निसटायचा. जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीतलं अख्खं रक्त पीसीआरला लावलं की जास्त सापडायचा. पुढे बहुतेक मुलांत एएव्ही-२ नावाचा दुसरा छोटा व्हायरस मिळाला. हा एकट्याने वाढत नाही, त्याला ॲडिनोव्हायरससारखा जोडीदार लागतो.

म्हणून रक्ताचा पहिला नमुना टाकून देऊ नका, गोठवून ठेवा. औषधं विचारा: टीबीच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, गुळवेलीचा काढासुद्धा. काढा कुणी आपणहून सांगत नाही! मूल किंवा तरुण असेल तर सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन) बघा, विल्सनचा आजार (यकृतात तांबं साठण्याचा आनुवंशिक आजार) सुटायला नको.

आणि व्हिटॅमिन के देऊनही आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.५ च्या वर, पेशंट गुंगीत किंवा असंबद्ध बोलतोय? कारण नंतर शोधा. यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी हलवा.